सातव्या खणातले सासरे

काटेकोरबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ऑफिसात पडलं आणि असं चिकटलं की घरी सासरेही चिडवायला तेच वापरत. चिडवायला जागाही होती. बाई चहात साखर घालायच्या ती चमच्याचा काठ बोटानं सपाट करून. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या, आणि एखादी कमी भरली तर खाली उतरून जिन्याला सुधारायची आणखी एक संधी द्यायच्या. अशा बाईच्या प्रोग्रॅममध्ये चूक निघणं म्हणजे वाळवंटात मासा निघणं, असं ऑफिसात सगळे मानत. बाईही मानत. घोटाळा झाला तो तिथंच.

त्या गुरुवारी दुपारी सव्वातीनला त्यांचा मोबाइल वाजला. सासऱ्यांचा फोन. सकाळीच मुलगा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता.

"सूनबाई, कामात आहेस का गं?"

"बोला बाबा. झालं का डॉक्टरांकडचं?"

"झालं म्हणजे काय, संपलंच." आवाज अगदी शांत होता. "माझे डोळे गेले."

"गेले म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले. त्या नर्सनं थेंब घातले, म्हणाली तासभर मिटून बसा. मिटले. जरा डुलकी लागली. आता उघडतोय तर ठार काळोख. आधी डावा उघडून पाहिला, मग उजवा, मग दोन्ही मिळून."

"डोळ्यांवर रुमाल वगैरे आहे का?"

"मी म्हातारा आहे गं, खुळा नाही. रुमाल खिशात आहे."

"मग तिथं कुणाला तरी हाक मारा ना. बाकावरच आहात ना?"

"त्या बाकावर कोण बसतंय! बाक कसलं, शिक्षा आहे ती. मी आपला चाचपडत बाहेर आलो आणि गाडीत मागच्या सीटवर आडवा झालो. आपलीच गाडी, दारातच तर उभी होती."

बाईंना कुठंतरी काहीतरी टोचलं. काय ते कळेना. त्यांनी मोबाइल एका कानाला तसाच ठेवला आणि टेबलावरच्या फोनवरून नवऱ्याला लावला. नवरा औषधांच्या दुकानात रांगेत होता.

"बाबा कुठं आहेत?"

"आत बाकावर. डोळे मिटून. का गं?"

"आणि गाडी?"

"गाडीचं विचारू नकोस. रस्त्यावर उभी होती, हवालदार शिट्टी फुंकत आला. मी ती काढली आणि शेजारच्या पार्किंग टॉवरमध्ये लावली. तुझ्याच कंपनीचा टॉवर आहे. म्हटलं, आपलीच माणसं."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. अगदी बरोबर चार बोटं सरकली असणार. बाईंची जमीन सरकायची तीही मोजून.

"लावताना मागं पाहिलं नाहीस?"

"मागं काय पाहायचं? टॉवरवाल्यानं विचारलं, आत कोणी आहे का. म्हटलं चिटपाखरू नाही." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "का? कोण होतं मागं?"

आता हा टॉवर म्हणजे काय, ते सांगायला हवं. टॉवर म्हणजे गाड्यांचं पोलादी कपाट. सहा मजले, मजल्याला चार खण, एकूण चोवीस. खाली गाडी लावायची, माणसानं उतरून पिवळ्या रेघेबाहेर यायचं, टॉवरवाला तिकीट देणार, दार बंद होणार, आणि एक पाळणा गाडीला उचलून रिकाम्या खणात सरकवणार. आत दिवा नाही, खिडकी नाही. गाड्यांना काय पेपर वाचायचा असतो? खणाला जमीनही नाही. चाकांपुरत्या दोन पट्ट्या, बाकी खाली सरळ पोकळी. मजला दुसरा असो की सहावा, गाडीचं दार उघडून पाय बाहेर टाकला की पाय जमिनीपर्यंत जाणार, मालकासकट.

आणि हे सगळं बाईंना जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, कारण टॉवरचं डोकं त्यांनीच लिहिलं होतं. सी भाषेत.

"सूनबाई, तुझ्याकडे कसली गडबड चाललीय?" मोबाइलमधून सासरे म्हणाले. "मी उतरून बघतो कोणी भेटतंय का. दार कुठं गेलं हे..."

"बाबा, दाराला हात लावू नका!"

"का?"

खरं सांगावं तर म्हातारा माणूस घाबरून धडपडेल. बाईंना आयुष्यात खोटं बोलायचा सराव नव्हता. जे पहिलं सुचलं ते बोलून गेल्या. "रंग... रंग ओला आहे."

"आंधळ्याला रंगाचं काय भय? दिसणार थोडाच आहे."

"कपड्यांना लागेल. नवा सदरा आहे ना तुमचा? मी सांगेपर्यंत हलायचं नाही. फोन चालू ठेवा."

"बरं बाई. उकडतंय मात्र फार."

उकडणारच. बाहेर ऊन असं होतं की पोलादावर हात ठेवला तर ठसा उमटावा. बाईंनी नवऱ्याकडून तिकिटाचा नंबर आणि त्यावरची वेळ विचारून घेतली, त्याला टॉवरकडे पळायला सांगितलं, आणि मोबाइल जरा लांब धरून त्याच फोनवरून टॉवरवाल्याला लावला. हा टॉवरवाला अंगानं भरलेला, गुडघ्यांनी रिकामा, आणि त्याच्या स्क्रीनवर त्याची अशी श्रद्धा की स्क्रीननं सांगितलं तर तो स्वतःच्या लग्नाची तारीख बदलेल.

"एकशे अठरा नंबरचं तिकीट. ती गाडी खाली आणा. आत्ताच्या आत्ता."

टकटक ऐकू आली. "मॅडम, एकशे अठरा नंबरची गाडी आपल्याकडे नाही."

"असं कसं? अर्ध्या तासाच्या आत आलेली आहे. निळी गाडी."

"निळी गाडी मी स्वतः आत घेतली, हे खरं आहे. पण स्क्रीन म्हणतेय अशी गाडी नाही."

"अहो, तुम्ही स्वतः घेतली ना?"

"घेतली."

"मग?"

"मग माझाच काहीतरी गैरसमज झाला असेल."

टॉवरच्या दारावर एक यंत्राचा डोळा होता. गाडीत कोणी राहिलं तर तो पाळणा हलूच देत नसे. बाईंनी त्याचं नाव 'चाहूल' ठेवलं होतं. किती हाललं म्हणजे माणूस आहे असं समजायचं, याचा एक आकडा चाहुलीपाशी असे. दहा सेकंद शांततेत गेले की आकडा एकानं उतरे, म्हणजे कान आणखी टवकारले जात. दहा सेकंदांत त्या आकड्याहून मोठी हालचाल झाली की एकानं चढे. गल्ली शांत असली की तो शून्यावर येऊन बसे, आणि शून्यावर तर डासानं पंख झटकले तरी पाळणा थांबे. मग घोरणारे सासरे गिळले कसे? सासरे घोरायचे तेव्हा शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घेत, असं घरात बोललं जाई.

बाईंनी समोरच्या पडद्यावर टॉवरची मेमरी उघडली. ऑफिसातून ती नुसती पाहता येई, बदलता येत नसे. बाहेरून कुणी हात लावू नये हा नियम काटेकोरबाईंचाच. आज त्यांना पहिल्यांदाच स्वतःचा राग आला.

चाहुलीचा आकडा होता एक्केचाळीस. त्यांच्या डोळ्यांदेखत चाळीस झाला. दहा सेकंदांनी एकोणचाळीस.

एवढा मोठा? हत्ती नाचला तरी चाहूल पंचवीसच्या वर कधी जात नसे. म्हणजे हा आकडा चाहुलीचा नव्हेच. कुणीतरी बाहेरून आणून तिच्या घरात टाकलेला. बाईंनी उलटं मोजलं. दहा सेकंदाला एक, मिनिटाला सहा, गाडी आत जाऊन झाली तेरा मिनिटं. चाळीस आणि अठ्ठ्याहत्तर. एकशे अठरा.

तिकिटाचा नंबर चाहुलीच्या घरात जाऊन बसला होता, आणि चाहूल बिचारी तो आपलाच समजून दर दहा सेकंदाला एक एक पायरी उतरवत होती.

बाईंनी आपला प्रोग्रॅम उघडला. शोधायला लागलंच नाही. चूक तिथं पाय पसरून बसली होती.

चोवीस खणांची नोंद मेमरीत ओळीनं ठेवलेली. पहिला खण शून्य नंबरचा, शेवटचा तेवीस, प्रत्येक नोंद चार बाइटची; बाइट म्हणजे मेमरी मोजायचं लहानसं माप. पॉइंटर म्हणजे त्या नोंदींवर ठेवलेलं बोट. बाईंनी सुरुवातीला हे बोट एकेका बाइटनं सरकणारं लिहिलं होतं, म्हणून सहाव्या नंबरच्या खणापाशी जायचं तर सहा गुणिले चार असा हिशोब हातानं करायचा. तो बरोबरच होता. पण कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राला समजावून सांगणारा दुभाषा, रोज कुरकुर करी, की हे बोट या नोंदींच्या जातीचं नाही. ती कुरकुर बाईंना सहन होईना. गेल्या आठवड्यात त्यांनी बोटाची जात बदलून टाकली. आणि नोंदींच्याच जातीचं बोट सी भाषेत एकानं पुढं सरक म्हटलं की एक बाइट नव्हे, एक अख्खी नोंद पुढं सरकतं. गुणाकार भाषाच करते. बाईंनी जात बदलली आणि गुणिले चार तसंच ठेवलं. म्हणजे गुणाकार दोनदा. सहा नंबरचा, म्हणजे मोजून सातवा, खण मागितला की बोट चोवीस नंबरच्या नोंदीवर. आणि तेविसाच्या पुढं खणच नाही. तिथं चाहुलीचं घर.

दुसरी एखादी भाषा असती तर उंबऱ्यातच अडवून म्हणाली असती, अहो, हे दार तुमचं नाही. सी भाषा तसलं काही म्हणत नाही. तुम्ही शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याच्या कपाटात आपले कपडे लावलेत तरी ती म्हणते, तुम्ही जाणते आहात, तुमचं तुम्हाला कळतंय.

आणि तपासणी? ती बाईंनी स्वतः केली होती, ऑफिसातल्या टेबलावरच्या सहा खणांच्या नमुन्यावर. शून्य ते पाच. शून्य, चार, आठ, बारा, सोळा, वीस. सगळे चोवीसच्या आत. नमुना डोलत डोलत पास झाला. सोमवारी नवा प्रोग्रॅम टॉवरमध्ये गेला. टॉवर नवा, लोक बिचकत होते, दिवसाला चार-पाच गाड्या. आज पहिल्यांदा सातवी आली. आली तेव्हा चाहुलीचा आकडा शून्य होता. टॉवरनं तो सातव्या खणाची नोंद म्हणून वाचला: शून्य, म्हणजे खण रिकामा. तिथं त्यानं तिकीट लिहिलं, एकशे अठरा, आणि मग चाहुलीला विचारलं, आत कोणी हलतंय का. एकशे अठराहून मोठं हलतंय का? नाही बुवा.

आकडा तेहतीस होता.

आणि आता बाईंना पुढचं दिसलं. हा आकडा शून्यावर आला की टॉवरच्या लेखी सातवा खण पुन्हा रिकामा होणार. आणि रिकाम्या खणात टॉवर पुढची गाडी सरकवणार.

"टॉवरवाले, दारात कोणी गाडी घेऊन उभं आहे का?"

"आहे ना. वकीलसाहेब आहेत. तुमचा फोन आला म्हणून थांबवलंय. चला, घेतो त्यांना."

"घेऊ नका! काही झालं तरी घेऊ नका. आत माझे सासरे आहेत. निळ्या गाडीत."

टॉवरवाल्यानं पुन्हा स्क्रीन पाहिली. "स्क्रीनवर नाहीत."

"तुमच्या स्क्रीनला मी शिकवलंय, आणि मी चुकीचं शिकवलंय. ऐकताय का? चूक माझी आहे."

आता हे वाक्य बाईंच्या तोंडून याआधी कधी निघालं नव्हतं. टॉवरवाल्यालाही ते ऐकून काहीतरी झालं असावं, कारण त्याचा सूर बदलला. "मग मॅडम, लाल बटण दाबू? सगळं बंद होईल."

"दाबलं की पाळणा किल्लीशिवाय हलणार नाही. किल्ली मेकॅनिककडे, मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन तास. या उन्हात, बंद पोलादात, म्हातारा माणूस."

"मग शिडीनं चढू का? गुडघे जरा..."

"शिडी मोटारीकडे जाते, खणाकडे नाही. थांबा. मला विचार करू द्या."

सव्वीस. पंचवीस.

"सूनबाई," मोबाइल म्हणाला, "तो रंग वाळला का? श्वास घेववत नाही गं. मी काच खाली करायला बघतोय तर बटणच चालत नाही. दार जरासं उघडतो, फटीपुरतं."

बाईंनी डोळे मिटले. खोट्याचा साठा एकाच वाक्यात संपला होता.

"बाबा, नीट ऐका. तुमचे डोळे शाबूत आहेत. तुम्ही गाडीसकट पार्किंगच्या टॉवरमध्ये आहात. दुसऱ्या मजल्यावर. तिथं दिवा नाही म्हणून काळोख आहे. आणि गाडीखाली जमीन नाही. दार उघडलंत तर सरळ खाली."

बाईंनी मोबाइल कानात रुतेल इतका दाबून धरला.

"म्हणजे," सासरे हळूच म्हणाले, "डोळे आहेत?"

"आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही, बाबा."

"मग एवढी रडतेस कशाला, वेडे! मी आपला मघापासून विचार करतोय, आता तुम्हाला मला हाताला धरून फिरवावं लागणार. काढ बाहेर सावकाश. मी बसतो."

बाई रडत होत्या हे बाईंनाही तेव्हाच कळलं.

वीस.

टॉवरला एकशे अठरा नंबरची गाडी सापडत नाही. का? कारण सातव्या खणाच्या नोंदीत एकशे अठरा नाही, वीस आहे. मग टॉवरकडे वीस नंबरची गाडी मागितली तर? त्याच्या लेखी ती सातव्या खणातच आहे! पण पाळण्याला वर जायला चाळीस सेकंद, आणि वर पोचल्यावर तो नंबर पुन्हा पडताळून बघतो. चुकून भलत्याची गाडी यायला नको म्हणून ही दुसरी तपासणी कुणी घातली असेल, ते सांगायला नकोच. चाळीस सेकंदांत आकडा चारानं उतरलेला असणार. नंबर जुळला नाही की पाळणा रिकामा परत.

म्हणजे आकडा चाळीस सेकंद जागच्या जागी राखायला हवा. दहा सेकंद हालचाल, एक चढेल. दहा सेकंद शांतता, एक उतरेल. पुन्हा हालचाल, पुन्हा शांतता. चौथ्या ठोक्याला आकडा होता तिथंच.

गाडी बाहेर काढताना टॉवर चाहुलीला विचारीत नसे, म्हणून पाळणा थांबायची भीती नव्हती. पण हालचाल आकड्याहून मोठी हवी. चालणारा माणूस चार, पळणारा आठ, उड्या मारणारा बारा. हे कोष्टक बाईंनी स्वतः ऑफिसच्या मजल्यावर शिपायाला उड्या मारायला लावून तयार केलं होतं. म्हणजे आकडा बाराच्या खाली येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबायचं, आणि शून्य व्हायच्या आत सगळं उरकायचं. मधली दोन मिनिटंही धड नाहीत.

"मॅडम, तुमचे मिस्टर आले. धापा टाकतायत. फोन मोठ्यावर ठेवतो."

"ऐकू येतंय?" नवरा म्हणाला. "बाबा बरे आहेत का? मी काय करू?"

"पिवळ्या रेघेवर उभा राहा, दारावरच्या डोळ्यासमोर. मी 'नाच' म्हटलं की उड्या मारायच्या, हात वर करून, जीव खाऊन. 'थांब' म्हटलं की पापणीसुद्धा हलवायची नाही."

"हे काय आता?"

"तुझ्या बापासाठी नाचायचंय. प्रश्न विचारू नकोस."

"नाचतो," तो म्हणाला. लग्नाच्या वरातीत जो माणूस घोड्याच्या मागं लपून चालला होता, तो हे म्हणाला.

बारा. अकरा. दहा. नऊ. बाईंना वाटत होतं की आपण एक एक आकडा हातानं उचलून खाली ठेवतोय. आठ.

"टॉवरवाले, शून्य शून्य आठ!"

"आठ? आपली तिकिटं एकशेएकपासून..."

"टाका!"

टाकलं. "मॅडम, ही म्हणतेय गाडी आहे! पाळणा निघाला!"

"नाच!"

फोनमधून धपाधप आवाज आले. आकडा नऊ झाला.

"थांब! सगळे थांबा!"

आणि नेमकं तेव्हा वकीलसाहेब गाडीतून उतरले. अर्धा तास उन्हात उभं करून समोर माणूस नाचवतात, हा काय प्रकार आहे, असं ते विचारू लागले, आणि नुसतं विचारीत नव्हते. काळ्या कोटाच्या बाह्या पसरून, दोन्ही हातांनी, रेघेवर उभं राहून विचारीत होते. वकिलाचे हातवारे बाईंच्या कोष्टकात नव्हते. आकडा दहा झाला.

"त्यांना गप्प करा! थांब! नाही, नाच! अरे देवा..."

अकरा. दहा. पाळणा वर पोचला, त्यानं नंबर पाहिला, आणि काही न उचलता परत फिरला.

"रिकामाच येतोय," टॉवरवाला म्हणाला.

पाळणा खाली टेकायला आणखी चाळीस-पन्नास सेकंद. तोवर दुसरी मागणी तो घेत नाही. बाई नुसत्या बघत राहिल्या. नऊ, आठ, सात, सहा. मोबाइलमध्ये सासरे कसली तरी जुनी आरती पुटपुटत होते. मध्येच म्हणाले, "सूनबाई, इथं कुठंतरी दिवा असेल ना गाडीत?" आणि बाई उत्तर देणार एवढ्यात मोबाइलमधून एक बारीक टुंग आलं आणि फोन मेला. सासऱ्यांच्या फोनची बॅटरी. पुन्हा लावला. बंद.

पाच.

"टेकला!" टॉवरवाला ओरडला.

"शून्य शून्य पाच! वकील कुठं आहेत?"

"मी त्यांना धरून ठेवलंय. मिठी मारून."

"सोडू नका. नाच!"

सहा.

"थांब!" पाच. बाईंना टॉवरवाल्याच्या मिठीतल्या वकिलाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, आणि त्यांना तोही थांबवावासा वाटत होता.

"नाच!" धपधप कमी झाली होती. माणूस दमला होता. आकडा हलेना. सात सेकंद. आठ. "उंच मार! अरे, शाळेत नापास झालास तेव्हा शाळेला दांडी कुणी मारू दिली नव्हती तुला? कुणी नेलं होतं हाताला धरून पुन्हा? त्यांच्यासाठी मार!" नऊ सेकंद. एक धप्प असा आला की फोन खरखरला. सहा.

"थांब."

पाच.

पाळण्यानं वर नंबर पाहिला. पाच. जुळला. बाईंच्या पडद्यावर सातव्या खणाची नोंद पुसली गेली.

"उचलली!" टॉवरवाला म्हणाला. "येतेय! निळी गाडी येतेय, मॅडम!"

चाळीस सेकंद बाई एक एक करून मोजत राहिल्या. मग दार उघडल्याचा घरघराट, पावलांची धावाधाव, गाडीचं दार. आणि नवऱ्याचा आवाज, अगदी पोकळ: "मागं कोणी नाही."

"काय?"

"मागची सीट रिकामी आहे. मागं कोणी नाही. बाबा नाहीत!"

बाई खुर्चीतून उठल्या. उठल्या आणि कुठं जायचं ते न कळून तशाच उभ्या राहिल्या. दार. त्यांनी दार उघडलं असेल. फोन मेला तेव्हा. उकाड्यानं.

तेवढ्यात फोनमधून एक हॉर्न वाजला. लांबलचक. त्यामागून टॉवरवाल्याची किंकाळी, आणि त्यामागून सासऱ्यांचा आवाज, "अरे, तो दिवा शोधत होतो मी. पुढं सरकलो सीटांच्या मधून, आणि अडकलोय स्टिअरिंगखाली. बघताय काय? ओढा! आणि तो काळा कोटवाला कोण, त्याला का मिठी मारलीय?"

नवरा हसत होता की रडत होता ते फोनवरून कळत नव्हतं. मग सासरे फोनवर आले.

"सूनबाई, सगळं पांढरं पांढरं दिसतंय. चालेल ना?"

"चालेल बाबा. थेंबांमुळं. चालेल." मग बाईंनी ते उरकून टाकलं. "बाबा, ही माझी चूक होती. टॉवरचा प्रोग्रॅम माझा. मी एक गुणाकार दोनदा केला."

"एवढंच?" सासरे म्हणाले. "काटेकोरबाई ना तू! एकदा करून तुझं समाधान कधी झालंय?"

बाई हसल्या, आणि हसता हसता मध्येच थांबल्या. टॉवरवाल्याला लाल बटण दाबायला सांगितलं, वकिलाला आत घेऊ नका म्हणाल्या, आणि फोन ठेवला. कारण सोमवारी तो प्रोग्रॅम एकाच टॉवरमध्ये गेला नव्हता. तीन टॉवरमध्ये गेला होता.

दुसऱ्याला लावला. "किती गाड्या आहेत आत? स्क्रीनवरून नको. आतल्या गाड्यांच्या तिकिटांची फाडून तुमच्याकडे राहिलेली अर्धी मोजा."

"चार."

"बंद करा टॉवर. लगेच. कारण मागून सांगते."

तिसऱ्या टॉवरवरची बाई सावकाश होती. "थांबा हं, मोजते," म्हणाली. अर्धी एक एक करून टेबलावर ठेवल्याचा आवाज येत होता. "एक. दोन. तीन. ही चिकटलीय वाटतं... नाही, तीनच. चार. पाच. सहा."

"आणि?" काटेकोरबाईंनी विचारलं.

"सहाच. सातवी आत्ता दारात आलीय, आईबाप उतरतायत. मागं लेकरू झोपलंय वाटतं, पण ते चाहूल बघेलच की. घेऊ ना आत?"

"नको!" काटेकोरबाई ओरडल्या.

तो तिसरा टॉवर त्यांच्या ऑफिसापासून बारा किलोमीटरवर होता. तिथली ती बाई अजून शपथेवर सांगते की फोन हातात नसता तरी तिला ते ऐकू आलं असतं.